यातली कुठली कमी करता येईल?

निवृत्त माणसांच्या घरी जेवणाच्या टेबलावर मीठ, लोणचं आणि जवसाची चटणी यांच्या शेजारी आणखी एक डबा असतो. मूळचा तो मुलानं परदेशातून आणलेल्या बिस्किटांचा, नाहीतर दिवाळीत आलेल्या सुक्या मेव्याचा. आता त्यात गोळ्या असतात. काही अख्ख्या स्ट्रिप्स, काही मेडिकलवाल्यानं कात्रीनं कापून दिलेले चार-चार गोळ्यांचे तुकडे, रबरबँडात अडकवलेली जुनी चिठ्ठी, डोळ्यांत घालायचे थेंब आणि गेल्या पावसाळ्यातलं अर्धं उरलेलं खोकल्याचं औषध. घरात दोघंच, किंवा एकटंच. मुलगी बंगळुरूला, मुलगा न्यू जर्सीला. पेन्शन येते, सोसायटीत ओळखी आहेत, सकाळचं फिरणं चालू आहे, बँकेची कामं स्वतःची स्वतः होतात. आपला कुणाला भार नाही याचा या मंडळींना अभिमान असतो आणि तो रास्तही आहे. पण हे स्वावलंबन किती वर्षं टिकणार, हे जितकं आजारांवर ठरतं तितकंच त्या डब्यावरही ठरतं.

समजा, शहात्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, कोथरूडमध्ये एकट्या राहणाऱ्या. त्यांना नुसतं काकू म्हणू. ब्लडप्रेशरची गोळी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी बारा वर्षांपूर्वी सुरू केली. शुगरची गोळी मधुमेहाच्या डॉक्टरांची. कोलेस्टेरॉलची आणि ‘रक्त पातळ राहण्याची’ या दोन गोळ्या एका तपासणी पॅकेजनंतर हृदयाच्या डॉक्टरांनी लिहिल्या. थायरॉइडची फार जुनी. कॅल्शियम हाडांच्या डॉक्टरांचं, चक्करची गोळी कानाच्या डॉक्टरांची, आणि एवढं सगळं पोटात जाणार म्हणून जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत एक गॅसची गोळी. झोपेची गोळी काका गेले त्या महिन्यात सुरू झाली, ती अजून चालू आहे.

यातली एकही गोळी कुणी बेफिकिरीनं दिलेली नाही. प्रत्येक वेळी समोर एक तक्रार होती आणि डॉक्टरांनी तिच्यावर उपाय केला. सगळे उपाय एकत्र मांडून बघणारं मात्र कुणी नव्हतं. आपल्याकडे पेशंटची फाइल दवाखान्यात राहत नाही, पेशंटच्या कापडी पिशवीत राहते, आणि त्या पिशवीतले कुठले कागद कुठल्या डॉक्टरांसमोर काढायचे हे काकूच ठरवतात. शिवाय औषध सुरू करायला काहीतरी निमित्त असतं, दुखणं असतं, रिपोर्ट असतो. बंद करायला निमित्तच नसतं. त्यामुळे यादी वाढत जाते. ती आपोआप कमी झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

रोज पाच किंवा त्याहून जास्त औषधं चालू असली की वैद्यकशास्त्र त्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागतं. पाचच का, याला फार खोल कारण नाही, मोजायला एक रेघ हवी होती इतकंच. पण रेघ ओलांडणं सोपं आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या सत्तर हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. तीत साठीपुढच्या बऱ्याच लोकांना एखादा तरी दीर्घकाळ चालणारा आजार आढळला. ब्लडप्रेशर आणि मधुमेह एकत्र असले की पाच गोळ्या व्हायला वेळ लागत नाही.

खरी अडचण आकड्याची नाहीच. पन्नाशीत मानवलेली गोळी तीच राहते आणि ती घेणारं शरीर बदलतं, इथे गफलत होते. बऱ्याच जणांमध्ये चाळिशीनंतर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता वर्षाला साधारण एक टक्क्यानं उतरत जाते. रिपोर्टात क्रिएटिनिन मात्र ‘नॉर्मल’ दिसू शकतं, कारण क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होतं आणि म्हातारपणी स्नायूच कमी झालेले असतात. चाळीस किलोच्या आजींचं आणि सत्तर किलोच्या तरुणाचं क्रिएटिनिन एकच आलं, म्हणून दोघांची मूत्रपिंडं सारखी चालतात असं होत नाही. म्हणून आता प्रयोगशाळा त्याच्याखाली ‘ईजीएफआर’ नावाचा वयाचा हिशेब धरलेला आकडाही छापतात. औषधाचा डोस ठरवताना बघायचा तो हा.

शरीरातलं पाणी घटतं आणि चरबीचं प्रमाण वाढतं, त्याचाही परिणाम होतो. डायझेपामसारखी चरबीत विरघळणारी औषधं अंगात रेंगाळतात. विशीतल्या माणसाच्या शरीरातून निम्मं डायझेपाम जायला सुमारे २० तास लागतात, तर ऐंशीच्या माणसाला ९० तासांपर्यंत. रोज रात्री एक गोळी घेणाऱ्या आजोबांच्या अंगात कालची, परवाची आणि त्याच्या आदल्या दिवशीची गोळी एकाच वेळी काम करत असते. सकाळी त्यांना सुस्त वाटतं, नावं आठवत नाहीत, आणि घरचे म्हणतात, आता वय झालं.

उभं राहिल्यावर बीपी सावरण्याची यंत्रणाही मंदावते. झोपलेलं किंवा बसलेलं माणूस उठून उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० नं किंवा खालचं १० नं उतरलं, तर तो दोष धरतात. आपल्याकडे बीपी बहुतेक वेळा खुर्चीत बसवून एकदाच बघितलं जातं. त्यात हे उतरणं सापडतच नाही. बीपीच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठी दिलेलं टॅम्सुलोसिन, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, या सगळ्यांनी ते वाढू शकतं. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात घामानं अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असताना तर आणखीच. जानेवारीत बरोबर बसलेला डोस मे महिन्यात जड होऊ शकतो.

आता काकूंकडे परत येऊ. त्यांच्या बीपीच्या गोळीत अॅम्लोडिपिन आहे. गोळी चांगली, स्वस्त, जगभर वापरली जाणारी. तिच्यानं काही जणांच्या घोट्यांवर सूज येते, कारण पायांतल्या बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांतून पाणी बाहेर झिरपतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, चुकीच्या जागी गेलेलं असतं. पण सुजलेले पाय दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले आणि आधीची गोळी सांगायची राहिली, तर लघवीची गोळी मिळते. सूज तिच्यानं फारशी हटत नाही. सोडियम, पोटॅशियम मात्र उतरतं, युरिक अॅसिड चढतं, आणि रात्री दोनदा-तीनदा उठावं लागतं. आता रात्रीचे दोन वाजलेत, झोपेची गोळी डोळ्यांवर आहे, उठताना बीपी उतरलं आहे आणि बाथरूमची फरशी ओली आहे. खुब्याचं हाड मोडलं की लोक म्हणतात, काकू पडल्या. काकू कशा पडल्या याची सुरुवात आठ महिन्यांपूर्वी घोट्यावर आलेल्या सुजेत आहे, हे कुठल्याच केस पेपरवर येत नाही.

औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजून त्यावर आणखी औषध देण्याच्या या साखळीकडे पॉला रोचॉन आणि जेरी गुरविट्झ या दोन वृद्धरोगतज्ज्ञांनी नव्वदच्या दशकात लक्ष वेधलं. १९९७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी तिच्यावर लिहिलं. आपल्याकडे या साखळीची एक खास देशी आवृत्ती मला फार दिसते, ती चक्करच्या गोळीची. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती बहुधा बीपी उतरल्यामुळे. पण ‘चक्कर’ म्हटलं की सिनॅरिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन लिहिलं जातं, आणि आठ दिवसांसाठी दिलेली गोळी मेडिकलमधून वर्षानुवर्षं येत राहते. ही औषधं मेंदूतल्या डोपामिनच्या कामात अडथळा आणतात. म्हाताऱ्या माणसांत त्यामुळे हात थरथरणं, पावलं आखूड पडणं, चेहरा निर्विकार होणं ही थेट कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात. मग कंपवाताची गोळी सुरू होते. तिच्यानं बीपी आणखी उतरतं आणि चक्कर वाढते. मूळची गोळी थांबवल्यावर यातले बरेच जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. त्यासाठी ती गोळी डब्यात आहे हे कुणाच्या तरी ध्यानात यावं लागतं. वृद्धरोगतज्ज्ञांचा एक साधा नियम आहे. म्हाताऱ्या माणसाला काहीही नवीन व्हायला लागलं की उलट सिद्ध होईपर्यंत संशय आधी औषधावर घ्यायचा.

कुठली औषधं वयस्करांना शक्यतो देऊ नयेत, याची यादी अमेरिकन डॉक्टर मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये केली. तेव्हा ती वृद्धाश्रमांपुरती होती. १९९७ मध्ये घरी राहणाऱ्या पासष्टीपुढच्यांसाठीही ती वाढवली गेली, आणि बीअर्स यांच्या निधनानंतर अमेरिकेतली वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना ती वेळोवेळी सुधारते. यादी उपयोगी आहे, पण तिच्यामुळे एक गैरसमज होतो की धोका काही मोजक्या ‘वाईट’ औषधांत आहे. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासानं वेगळं चित्र दाखवलं. औषधांच्या दुष्परिणामांमुळे अमेरिकेत तातडीनं रुग्णालयात भरती झालेल्या वृद्धांपैकी दोन-तृतीयांश जणांच्या बाबतीत चारच गटांतली औषधं कारणीभूत होती: वॉरफरिन, इन्सुलिन, रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटू न देणारी अॅस्पिरिनसारखी औषधं आणि मधुमेहाच्या गोळ्या. चारही गट आवश्यक, जीव वाचवणारे. त्यांच्याच डोसात थोडी चूक झाली की माणूस आडवं होतं.

यातला मधुमेहाचा भाग मराठी घरात नीट समजून घ्यायला हवा. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवलात की नाही याची वाट न बघता. आषाढी एकादशीला गोळी सकाळी घेतली जाते आणि साबुदाण्याची खिचडी दुपारी दोनला. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काहीच नाही. शुगर उतरली की तरुणाला घाम सुटतो, हात कापतात, भूक लागते. वयस्कर माणसात, विशेषतः नाडी मंद करणारी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल तर, ही सूचना मिळतेच असं नाही. तो नुसता गोंधळतो, चिडतो, असंबद्ध बोलतो. एकट्या राहणाऱ्याच्या घरी ते बघायलाही कुणी नसतं. उपासाला माझा विरोध नाही. पण उपास करणार असाल तर त्या दिवसाच्या गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आधी विचारा, आणि ते विचारायला लाजू नका. वयस्कर, इतर आजार असलेल्या माणसासाठी शुगरचं लक्ष्य थोडं सैल ठेवणं आता मान्य झालेलं आहे. पंचेचाळिशीतल्या मुलाचा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, साडेसहावर हवा, म्हणून ब्याऐंशीच्या वडिलांचाही तेवढाच हवा, हा हट्ट कधीकधी घरचेच धरतात.

मेटफॉर्मिन त्या मानानं सौम्य. पण वर्षानुवर्षं घेतल्यावर ते बी-१२ कमी करू शकतं. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असतं, त्यात गॅसची गोळी जोडली की आणखी घटतं. पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं. पुन्हा तेच, वय झालं. रक्ताच्या एका तपासणीत सापडणारी ही गोष्ट आहे.

डब्यातला बराच गोंधळ औषधशास्त्राचा नसतोच, तो नावांचा असतो. एकच औषध आपल्या बाजारात कितीतरी कंपन्यांच्या कितीतरी नावांनी मिळतं. एका डॉक्टरांनी एका नावाचं टेल्मिसार्टन लिहिलं, रुग्णालयातून घरी सोडताना दुसऱ्या नावाचं लिहिलं, आणि काकू दोन्ही घेतात, कारण त्यांच्या दृष्टीनं ती दोन औषधं आहेत. जोडगोळ्यांमुळे हे अधिक वाढतं. नावापुढे ‘एएम’ आलं तर आत अॅम्लोडिपिनही असतं, ‘एच’ आलं तर लघवीची गोळीही असते. गुडघ्याच्या गोळीत डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात, वर सर्दीच्या गोळीत पुन्हा पॅरासिटामॉल. म्हणून ब्रँडच्या मोठ्या अक्षरांखाली बारीक टायपात छापलेलं नाव वाचायचं. भिंगानं वाचावं लागलं तरी वाचायचं. मेडिकलवाल्याला स्ट्रिप कापायची असेल तर तारीख आणि नाव असलेला भाग आपल्याकडे मागायचा, किंवा सरळ पूर्ण स्ट्रिप घ्यायची.

जनऔषधी दुकानं २००८ पासून आहेत आणि पेन्शनवर जगणाऱ्याला त्यांचा खरा आधार आहे. दर खेपेला गोळीचा रंग आणि आकार बदलतो, ही एकच कटकट. ती क्षुल्लक नाही. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात (२०१४) गोळीचा रंग बदलल्यावर ती मध्येच सोडून देण्याचं प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांनी आणि आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. ‘सकाळची पिवळी, रात्रीची पांढरी’ अशा खुणेवर चालणाऱ्या घरात पिवळी एकदम गुलाबी झाली की माणूस घाबरतो. खूण रंगाची नको, नावाची हवी. आठवड्याचे खण असलेला डबा मेडिकलमध्ये मिळतो. रविवारी सकाळी तो भरून ठेवला की ‘आज घेतली का नाही’ हा प्रश्न उरत नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्यांसाठी तर तो फारच उपयोगी. हाडांसाठीचं अॅलेंड्रोनेट त्यातलं एक, ते भरपूर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. दुसरं संधिवाताचं मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदा घ्यायचं चुकून रोज घेतलं गेलं तर जीवावर बेततं, आणि असं घडल्याच्या नोंदी जगभर आहेत.

थायरॉइडची गोळी अनशापोटी घेतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिच्यानंतर पाच मिनिटांत चहा आणि चहाबरोबर कॅल्शियम, हेही सगळ्या घरांत चालतं. कॅल्शियम आणि लोह त्या गोळीपासून चार तास लांब हवं, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. मग रिपोर्टात टीएसएच वाढतं आणि डोस वाढवला जातो.

डब्यात नसलेली, पण स्वयंपाकघरात असलेली औषधं डॉक्टरांना कुणी सांगत नाही. आयुर्वेदिक आहे, त्यानं काय होतंय! खोकल्यासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमध बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. लघवीची गोळी चालू असलेल्याला हे दुहेरी पडतं. कारल्याचा रस शुगरच्या गोळीच्या जोडीनं शुगर जास्त उतरवू शकतो. इसबगोल चांगलं, पण ते इतर गोळ्यांबरोबर एकाच वेळी घेतलं तर त्यांचं शोषण कमी होऊ शकतं. च्यवनप्राशात साखर असते हे मधुमेही माणसाला सांगावं लागतं, याचं मला अजून नवल वाटतं. आणि गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅकची गोळी तर चिठ्ठीत कुठेच नसते. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक गोळी, अशी तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडांवर तिहेरी मार बसतो. त्यात जुलाब-उलट्या झाल्या तर दोन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. गुडघ्याला लावायचं मलम पुष्कळ सुरक्षित. नेटानं केलेला मांडीच्या स्नायूंचा व्यायाम त्याहून चांगला, पण तो स्ट्रिपमध्ये मिळत नाही.

झोपेच्या गोळीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण तिथे औषध आणि सुख-दुःख यांची गाठ पडते. जोडीदार गेल्यावर संध्याकाळ लांबते. मालिका संपतात, साडेनऊला दिवा मालवला जातो, तीनला जाग येते. म्हातारपणी झोप मुळात उथळ होते आणि साडेपाच-सहा तासांत काहींचं भागतं. पण तीन ते सहा हा वेळ एकट्यानं काढणं कठीण. तेव्हा आलेली पाव मिलिग्रॅम अल्प्राझोलामची गोळी दया म्हणूनच आलेली असते. काही आठवड्यांत शरीर तिला सरावतं, तिचा झोपेसाठीचा उपयोग ओसरतो, पण ती नसली की झोप येत नाही. लोक यालाच ‘मला ती लागते’ म्हणतात. तोल जाणं, पडणं, स्मरण मंदावणं यांच्याशी तिचा संबंध पक्का आहे. २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम ‘एच-वन’ परिशिष्टात आहेत. दुकानदारानं चिठ्ठी पाहून, रजिस्टरात नोंद करून ती विकायची आणि नोंद तीन वर्षं जपायची असा नियम आहे. ओळखीच्या काकूंसाठी तो किती पाळला जातो, हे वाचकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

ही गोळी सुटू शकते. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात कारा टॅनेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस औषध दुकानांच्या ग्राहकांमधले, स्वतःच्या घरी राहणारे ३०३ ज्येष्ठ, सगळे दीर्घकाळ या जातीची गोळी घेणारे. निम्म्या दुकानांच्या ग्राहकांना टपालानं एक पुस्तिका पाठवली. तीत या गोळीचे धोके, स्वतःच सोडवायचे काही प्रश्न, पर्याय, आणि डोस अर्धी-पाव गोळी करत हळूहळू कसा उतरवायचा याचं चित्रमय वेळापत्रक होतं. डॉक्टर किंवा दुकानदाराशी बोलूनच हे करा, असंही सांगितलं होतं. बाकी समुपदेशन नाही, यंत्र नाही, अॅप नाही. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांनी गोळी पूर्ण सोडली होती, न मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांनी. आणखी ११ टक्क्यांनी डोस कमी केला होता. कागदाच्या काही पानांनी इतकं होतं, याचा अर्थ माणसं सोडायला तयार असतात, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. महाराष्ट्रात गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, फेस्कॉमसारखा त्यांचा महासंघ आहे. वाढदिवस, सहली, भजन, व्याख्यानं सगळं होतं. अशी एक मराठी पुस्तिका त्यांच्या हातात पडायला काहीच हरकत नाही. संघाच्या दुपारच्या बैठकीलाही झोपेच्या दृष्टीनं किंमत आहेच. दुपारची दोन तासांची झोप टळते आणि बोलायला माणसं मिळतात.

इथवर वाचून कुणी सगळा डबा कचऱ्यात रिकामा करायला निघाला असेल तर थांबा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हायव्हेट’ नावाच्या चाचणीत ऐंशी आणि त्यापुढच्या ३,८४५ लोकांना बीपीची औषधं किंवा बिनऔषधी गोळी दिली होती. औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी निघालं. तोवर अनेक डॉक्टरांनाही वाटायचं की ऐंशीनंतर बीपी कशाला उतरवा. उतरवण्याचा फायदा होतो. त्या चाचणीतलं लक्ष्य १५०/८० होतं, तेही लक्षात ठेवण्यासारखं.

याच्या अगदी उलट अॅस्पिरिनचं. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ धडधाकट ज्येष्ठांवर झालेल्या ‘अॅस्प्री’ चाचणीचे निकाल २०१८ मध्ये आले. ही माणसं नेमकी या प्रकरणातली. बहुतेक सत्तरीपुढची, घरी राहणारी, स्वतःचं स्वतः करणारी, हृदयविकार किंवा पक्षाघात न झालेली. चाचणीनं मोजलं तेही नेमकं: धड बुद्धीनं, परावलंबी न होता किती वर्षं जगता येतं. रोज १०० मिलिग्रॅम अॅस्पिरिननं त्यात काहीच फरक पडला नाही. मोठा रक्तस्राव मात्र २.८ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर गेला. म्हणजे झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, स्टेंट आहे, बायपास झालं आहे, त्यांनी ही गोळी स्वतःहून अजिबात थांबवायची नाही. ज्यांना यातलं काहीच झालेलं नाही आणि पासष्टीत ‘असू द्या, चांगली असते’ म्हणून सुरू झाली, त्यांनी पुढच्या भेटीत तिचं नाव काढायलाच हवं. काकू दुसऱ्या गटातल्या.

औषधं विचारपूर्वक कमी करण्यावर इस्रायलमधले डोरॉन गारफिन्केल यांनी काम केलं. घरी राहणाऱ्या सत्तर वृद्धांची औषधं त्यांनी तपासली. सरासरी माणशी ७.७ निघाली, आणि त्यातली ५८ टक्के थांबवून बघण्याची शिफारस त्यांनी केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्रास परत आल्यामुळे पुन्हा सुरू करावी लागलेली औषधं २ टक्के होती, आणि ८८ टक्के लोकांनी एकूण बरं वाटतं असं सांगितलं. अभ्यास लहान आहे आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण औषध थांबवणं हाही उपचार असू शकतो, एवढं त्यानं ठसवलं.

करायचं काय? डबा, फ्रिजच्या दारातली औषधं, पर्समधल्या गोळ्या, चूर्णं, मुलानं पाठवलेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, सगळं एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांसमोर ओतायचं. ते फॅमिली डॉक्टर असले तर उत्तम. सर्दी-खोकल्याच्या गर्दीत नाही, वेगळी वेळ मागून. त्याआधी घरी एक कागद करायचा: औषधाचं खरं नाव, कधीपासून, कुणी दिलं, कशासाठी. शेवटचा रकाना काही गोळ्यांपुढे कोराच राहील. बोलणं तिथून सुरू करायचं. डॉक्टरांचा अवमान होईल अशी भीती बऱ्याच जणांना वाटते, आणि एखादे डॉक्टर वैतागतातही. ‘ही बंद करा’ म्हणण्यापेक्षा ‘यातली कुठली कमी करता येईल का, बघाल?’ हा सूर बहुधा चालतो. आपल्याला काय जमायला हवं तेही सांगावं. दोन जिने चढून जायचंय, नातीच्या लग्नाला अमेरिकेला जायचंय, रात्री दोनदा उठावं लागू नये. शुगर-बीपीच्या आकड्यांइतकीच ही माहिती डॉक्टरांच्या कामाची असते.

कमी करायची तर एका वेळी एकच गोळी, म्हणजे काही बिघडलं तर कशानं ते कळतं. बीटा ब्लॉकर, क्लोनिडिन, स्टेरॉइड, फिट्सची औषधं, नैराश्याची औषधं आणि झोपेची गोळी एकदम थांबवली तर धोका असतो, ती टप्प्याटप्प्यानंच. शेजारी किंवा मुलांपैकी कुणाला तरी सांगून ठेवावं की अमुक दिवसापासून अमुक गोळी कमी केली आहे. व्हिडिओ कॉलवर ‘गोळ्या घेतेस ना गं?’ एवढंच विचारणाऱ्या लेकीला त्या कागदाचा फोटो पाठवला तर तिची चौकशी जास्त कामाची होते.

बऱ्याच घरांत पहिला नंबर गॅसच्या गोळीचा लागतो, आणि तिथे एक सापळा आहे. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी, पित्ताचा कुठलाही त्रास नसलेल्या माणसांवर एक प्रयोग झाला. काहींना आठ आठवडे या जातीची गोळी दिली, मग नकळत ती थांबवून बिनऔषधी गोळी चालू ठेवली. नंतरच्या आठवड्यांत त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. सुरुवातीपासून बिनऔषधीच गोळी घेतलेल्यांत तो १५ टक्क्यांना झाला. दाबून ठेवलेलं आम्ल गोळी थांबल्यावर काही काळ उसळून येतं. पँटोप्राझोल थांबवल्यावर चौथ्या दिवशी जळजळलं की काकू म्हणतात, बघा, मला ती लागतेच, आणि पुन्हा सुरू करतात. म्हणून ती एकदम तोडण्याऐवजी आधी डोस निम्मा, मग एक दिवसाआड असं उतरवतात. मधल्या काळात जळजळल्यास साधं अँटासिड घेतात आणि रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आटपतात. पूर्वी अल्सर किंवा पोटात रक्तस्राव झाला असेल, किंवा अॅस्पिरिनच्या जोडीला रक्त पातळ ठेवणारं दुसरं औषध चालू असेल, तर ती पोटाच्या रक्षणासाठीच दिलेली असते आणि तिला हात लावायचा नाही. इतरांनी महिनाभर धीर धरून बघावं. त्यानंतरही त्रास राहिला तर डॉक्टरांना सांगून कमीत कमी डोसात ती पुन्हा चालू करायला काहीच हरकत नाही.